स्वस्त ताटाच्या हिशोबात काय धरलंच नाही

महागाईचा विषय निघाला की कोणी ना कोणी हे ऐकवतंच : "पौष्टिक खायला पैसे नाही, अक्कल लागते." पाठोपाठ यादी येते. कडधान्यं वापरा, हंगामातली भाजी घ्या, आठवड्याचा बेत आधी ठरवा, पाकिटबंद काही आणू नका, सगळं घरी करा. यातलं एकही वाक्य खोटं नाही आणि म्हणूनच ते खोडून काढणं जड जातं. माझा आक्षेप यादीला नाहीच. आक्षेप आहे तो यादीमागच्या हिशोबाला. दुकानाच्या पावतीवर जेवढं छापलं जातं तेवढीच जेवणाची किंमत, असं त्यात धरलेलं असतं. ही चूक एखाद्या आगाऊ नातेवाइकापुरती असती तर कानाआड करता आली असती. पण दारिद्र्यरेषा आखणं, मदतीच्या रकमा ठरवणं, शाळेतल्या जेवणाचा ताटामागे दर काढणं ही कामंही बरीचशी अशाच हिशोबावर होत आली आहेत.

हा हिशोब टोकाला नेला तर काय निघतं, हे एका माणसाने करून दाखवलंय. जॉर्ज स्टिगलर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1945 साली एक प्रश्न घेतला. साधारण 70 किलो वजनाच्या, मध्यम कष्टाच्या पुरुषाला लागणारी पोषकद्रव्यं कमीत कमी किती पैशांत मिळतील? 77 पदार्थ, 9 पोषकद्रव्यं आणि 1939 चे भाव घेऊन त्याने उत्तर काढलं : वर्षाला 39 डॉलर 93 सेंट. पुढे 1947 मध्ये जॉर्ज डँट्झिग या अमेरिकन गणितज्ञाच्या नव्या गणिती पद्धतीची परीक्षा घ्यायला हेच कोडं पुन्हा सोडवलं गेलं. नऊ कारकून टेबलावरची गणकयंत्रं घेऊन बसले, मिळून 120 मनुष्यदिवस खपले आणि स्टिगलरच्या उत्तरात फरक निघाला 24 सेंटचा. म्हणजे गणित चोख होतं. आता ते ताट बघा. गव्हाचं पीठ, आटवलेलं डबाबंद दूध, कोबी, पालक आणि वाळवलेला पांढरा घेवडा. संपलं. वर्षभर एवढंच. त्यात घेवडा 285 पौंड, म्हणजे रोजचा साडेतीनशे ग्रॅम. भिजून-शिजून पाऊण किलोच्या वर जातो तो. सणवार नाही, पाहुणा नाही, तोंडाला चव नाही म्हणून सुट्टी नाही.

हा आहार कोणी खरोखर घ्यावा असं स्टिगलरचं म्हणणं नव्हतं, आणि त्याने ते स्वच्छ सांगितलंही आहे. त्याला दाखवायचं होतं ते वेगळंच. आहारतज्ज्ञ ज्याला 'कमी खर्चाचा आहार' म्हणतात, तो या उत्तरापेक्षा कितीतरी महाग का पडतो? कारण त्यात चव, विविधता आणि प्रतिष्ठा या गोष्टी मिसळलेल्या असतात. या गोष्टींना किंमत असते, ती शरीराच्या गरजेच्या नावाखाली दडवू नका, वेगळी मांडा, एवढंच तो सांगत होता. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो. पुढे 1982 मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अर्थात दुसऱ्याच कामासाठी. धोरणं आखणाऱ्यांनी मात्र त्याचा आकडा तेवढा उचलला आणि सूचना तिथेच ठेवली, असं वाटावं असा पुढचा इतिहास आहे.

खरं तर मागचाही. सीबोम राउंट्री या इंग्रज समाजसंशोधकाने 1899 मध्ये इंग्लंडातल्या यॉर्क शहरातल्या कामगार कुटुंबांची पाहणी केली आणि निव्वळ शारीरिक क्षमता टिकवण्यापुरता किती खर्च लागतो याची रेषा काढली. त्या रेषेवर जगायचं म्हणजे काय, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं : अशा कुटुंबाने रेल्वेच्या तिकिटावर पैसा घालवायचा नाही, वर्तमानपत्र घ्यायचं नाही, परगावच्या मुलांना पत्र टाकायचं नाही, बापाने तंबाखू ओढायची नाही. राउंट्रीला ही रेषा किती निष्ठुर आहे हेच दाखवायचं होतं. एवढं सगळं सोडूनही हजारो लोक तिच्याखाली आहेत, हा त्याचा मुद्दा होता. मग 1960 च्या दशकात अमेरिकेत मॉली ओरशान्स्की या सरकारी अर्थतज्ज्ञ बाईंनी कृषी खात्याची सर्वांत स्वस्त आहारयोजना घेतली आणि तिच्या खर्चाला तिनाने गुणलं, कारण 1955 च्या पाहणीनुसार कुटुंबाच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा खाण्यावर जात होता. 1969 मध्ये तीच तिथली अधिकृत दारिद्र्यरेषा झाली. ती आहारयोजना मुळात हात तंग असताना तात्पुरती वापरावी म्हणून बनवलेली होती. शिवाय तिच्यात एक गृहीत बसलेलं होतं : घरची बाई खरेदीत चोखंदळ असणार, स्वयंपाकात तरबेज असणार आणि घरातलं कोणी बाहेर खाणार नाही. त्या बाईच्या वेळेला त्या गणितात किंमत शून्य.

आणि हे शून्य आजही तसंच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था 2020 पासून दरवर्षी जगभरातल्या 'सकस आहाराची किंमत' काढतात. 2024 मध्ये सुमारे 260 कोटी माणसांना असा आहार परवडत नव्हता, असं त्यांचं ताजं गणित सांगतं. आकडा भयंकर आहे, पण तो कसा काढतात ते पाहण्यासारखं आहे. प्रत्येक अन्नगटातले बाजारात मिळणारे स्वस्तातले पदार्थ घ्यायचे आणि त्यांची बेरीज करायची. ते निवडणं, धुणं, चिरणं, शिजवणं यांचा वेळ आणि चुलीखालचं इंधन त्यात येत नाही. म्हणजे 260 कोटी ही सौम्य बाजूची बेरीज झाली.

वेळेचं काय एवढं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा कडधान्याच्या बाजूने दिवस बघावा. उद्या संध्याकाळी राजमा खायचा तर आज रात्री आठवण पाहिजे. दमून आलेल्या माणसाची आठवण आधी जाते. सकाळी आठवलं तरी संध्याकाळी घरी पोचायला उशीर होणार, मग शिजायला तासभर. घरात प्रेशर कुकर असेल तर निभतं, नसेल तर आच कमी करून बघायचा मोह होतो. राजम्याच्या बाबतीत ते धोक्याचं आहे, कारण राजमा अर्धाकच्चा राहिला तर त्यातल्या घटकामुळे उलट्या-जुलाब होतात. भिजवल्यावर पाणी टाकून देऊन त्याला खळखळून उकळी द्यावीच लागते. म्हणजे जी वस्तू पावतीवर सर्वांत स्वस्त, ती इंधनात काटकसर करू देत नाही. ज्या घरात गॅस महिनाअखेरीस संपत येतो तिथे 'कडधान्य स्वस्त असतं' या वाक्याचा अर्थ बदलतो.

भाजीचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे दहा वर्षांवरच्या प्रत्येकाने दिवसाला किमान 400 ग्रॅम भाज्या-फळं खावीत. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी हा आकडा 350 आणि दोन ते पाचसाठी 250 ग्रॅम आहे. आई-बाप, आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असं घर धरा. रोजचे 1400 ग्रॅम, महिन्याचे 42 किलो. साली, देठ, खराब निघालेलं वेगळंच. हे 42 किलो कोणीतरी उचलून आणायचे, फ्रीज नसेल तर दर दोन दिवसांनी आणायचे आणि सडायच्या आत रांधायचे. पैशांचा प्रश्न यात आहेच, पण तो एकटा नाही. वाहतूक, साठवण, श्रम हे सगळं जे घरातलं एक माणूस फुकट करतं, आणि बहुतेक घरांत ती बाईच असते, त्याला आपण 'नियोजन' म्हणतो आणि पुढे जातो.

सुट्या खरेदीचा मुद्दा तर सगळ्यांना माहीत आहे. मोठं पोतं किलोमागे स्वस्त, छोटी पुडी महाग, आणि पोत्याचे पैसे एकरकमी हातात नसलेला माणूस पुडीच घेतो. गरिबाला तीच वस्तू महाग पडते. यावर आणखी लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

ज्यावर लिहिण्यासारखं आहे आणि ज्यावर फारसं कोणी बोलत नाही, ती गोष्ट म्हणजे ताटात टाकलेलं अन्न. अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरात केटलिन डॅनियल या संशोधिकेने कमी आणि जास्त उत्पन्नाच्या पालकांशी त्यांच्या खरेदीबद्दल सविस्तर बोलून 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहान मुलाला नवी चव पसंत पडायला ती साधारण आठ ते पंधरा वेळा समोर यावी लागते, हे बालआहाराच्या अभ्यासातून आधीच माहीत होतं. डॅनियलने विचारलं, त्या आठ ते पंधरा वेळा टाकून दिल्या जाणाऱ्या भाजीचे पैसे कोण भरतं? सुस्थितीतल्या घरांना ते जाणवत नव्हतं. मुलाने ब्रोकोली थुंकली तर त्याला दुसरं काही दिलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा ब्रोकोली आणली. हात आखडता असलेले पालक मात्र हा धोका टाळत होते आणि मूल हमखास खाईल तेच आणत होते. ते पदार्थ बरेचदा गोड, तेलकट, पोट भरणारे आणि पोषणाला हलके होते.

यात अडाणीपणा कुठे आहे? त्या आईच्या जागी बसून बघा. गाजर-पालक मिळून जेवढ्याला येतात तेवढे पैसे आज हातात आहेत. मुलगा पहिला घास घेतो, तोंड वाकडं करतो, ताट सरकवतो. आता वाटीत पडलेलं ते टाकायचं, की स्वतःच्या ताटात घ्यायचं, की दटावून भरवायचं? शेवटी मूल उपाशी झोपणार नाही याची सोय तर करावीच लागणार, म्हणजे आणखी काहीतरी घ्यावं लागणार. एका जेवणाला दोन जेवणांचे पैसे. पुढच्या खेपेला तिचा हात गाजराकडे जाणार नाही, आणि तिने ते नीट हिशोब करूनच ठरवलेलं असेल. पोषणाचं ज्ञान देणाऱ्या सगळ्या भित्तिपत्रकांनी तिच्या या हिशोबातला एक आकडाही बदलत नाही.

पाकिटबंद खाणं नेमकं इथे जिंकतं. ते फक्त पोषणात हलकं आणि दरात स्वस्त असतं म्हणून जिंकत नाही. दरवेळी तीच चव, मूल दरवेळी खाणार, काही वाया जाणार नाही आणि शिजवायला पाच मिनिटं; कारखाना ही खात्री विकतो. 2019 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांच्या गटाने 20 जणांना दोन-दोन आठवडे दोन प्रकारचं जेवण दिलं : एकदा अतिप्रक्रिया केलेलं, एकदा साधं घरगुती धर्तीचं. पोटभर, हवं तेवढं खायची मुभा. अतिप्रक्रियेच्या जेवणावर माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती आणि वजन वाढत होतं. बातम्यांत एवढंच आलं. त्याच अहवालात आणखी एक आकडा होता : दिवसाला 2000 कॅलरी धरून त्या जेवणाच्या सामानाचा आठवड्याचा खर्च अतिप्रक्रियेच्या बाजूला 106 डॉलर आणि साध्या जेवणाच्या बाजूला 151 डॉलर आला होता. तोही सामानाचाच. साधं जेवण रांधणाऱ्या स्वयंपाकघरातला पगार त्यात नव्हता.

समोरून येणारा प्रश्न मला माहीत आहे. मग चहाच्या टपऱ्या, तंबाखू, थंड पेयं यांवर पैसे जातात ते कुठून? प्रश्न वावगा नाही. जातात पैसे, आणि ते भाजीवर गेले असते तर बरं झालं असतं. पण जिभेची हौस ही गरिबाने सोडावी आणि बाकीच्यांनी ठेवावी, असा न्याय मला पटत नाही, आणि व्यवहारातही तो टिकत नाही. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर या अर्थतज्ज्ञांनी चीनच्या हुनान प्रांतात गरीब कुटुंबांना तांदूळ सवलतीत दिला आणि काय होतं ते पाहिलं. 2008 मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात तांदूळ स्वस्त झाल्यावर लोकांनी तो जास्त न घेता उलट कमी घेतला. वाचलेल्या पैशांत ते चवीचं काही आणत होते. पोट भरण्याची चिंता थोडी सैल झाली की माणूस चवीकडे वळतो. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्ये मांडलेला नियम, की उत्पन्न वाढलं की खाण्यावरचा हिस्सा कमी होतो, सगळे विद्यार्थी पाठ करतात; पण वाढलेल्या उत्पन्नातून घेतलेलं खाणं अधिक सकसच असेल, असं एंगेलने कुठेही म्हटलेलं नाही. म्हणून फक्त धान्य स्वस्त करून सरकारची जबाबदारी संपते, असं मानणाऱ्यांनी हुनानचा तांदूळ आठवावा. धान्याने भूक भागते, आणि ते मोठंच काम आहे. ताट मात्र त्याने सकस होत नाही.

मग घराने काहीच करू नये का? करावं, आणि बरंच करता येतं. 'आरोग्यदायी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींचे डबे बहुतेक घरांत शुद्ध उधळपट्टी असते. तेवढ्या पैशांत आलेली अंडी मुलांच्या जास्त कामी येतात. गोठवलेल्या भाज्यांना लोक उगाच नाकं मुरडतात. चांगल्या गोठवलेल्या भाजीत पोषण ताज्याच्या जवळपास असतं आणि ती निवडावी लागत नाही, सडत नाही. अर्थात ती ठेवायला बर्फाचा कप्पा लागतो, म्हणजे पुन्हा घरात काय आहे यावरच आलं. नवी भाजी मुलांना द्यायचीच तर आवडीच्या पदार्थाच्या कडेला दोन घासांएवढीच द्यावी, म्हणजे नापसंतीची किंमत दोन घासच राहते. पण हे सगळं करूनही, वेळ आणि इंधन आणि नासाडी यांचा भार घराच्याच डोक्यावर राहिला, तर सल्ल्याने फार तर काठावरची काही घरं अलीकडे येतील.

हा भार वाटून घेण्याच्या जागा आहेत आणि त्या काही स्वप्नातल्या नाहीत. फिनलंडने 1943 साली कायदा करून शाळेत सगळ्या मुलांना मोफत जेवण द्यायचं ठरवलं आणि 1948 पासून ते अमलात आलं. कायदा झाला तेव्हा तो देश श्रीमंत नव्हता, लढाईत होता. ब्राझीलमधल्या बेलो ओरिझोन्ती शहराने 1993 मध्ये महापालिकेचा स्वतंत्र अन्नविभाग काढला. स्वस्त सार्वजनिक खानावळी चालवल्या, आणि शहरातल्या मोक्याच्या जागा भाजीविक्रेत्यांना या अटीवर दिल्या की ठरावीक भाज्या-फळं ठरवून दिलेल्या कमी भावाने विकायची. पुढे 2009 मध्ये ब्राझीलने कायदा केला की शाळांच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशांतला किमान 30 टक्के भाग छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदीवर खर्च झाला पाहिजे. यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सार्वजनिक स्वयंपाकघर. शंभर घरांत शंभर वेळा भिजवलेला, विसरलेला, अर्धाकच्चा राहिलेला राजमा एका मोठ्या पातेल्यात एकदा शिजतो, पगारी हातांनी. बाईच्या वेळेची शून्य धरलेली किंमत तिथे पहिल्यांदा पैशांत लिहिली जाते, म्हणून तर असं जेवण कागदावर महाग दिसतं. ते महाग नसतं. घरात तोच खर्च होत असतो, फक्त कोणी पावती फाडत नाही.

आणि शाळा आणखी एक गोष्ट करू शकते, जी घराला जमत नाही. नव्या भाजीच्या पहिल्या दहा नकारांचा खर्च ती पेलू शकते. मूल चार मित्रांचं बघून चौथ्या-पाचव्या वेळी चव घेतं, आणि त्यातला एकही नकार त्याच्या आईच्या पाकिटातून जात नाही. असं असताना शाळेच्या जेवणाची तपासणी होते तेव्हा उरलेलं अन्न वजन करून अपयश म्हणून लिहिलं जातं, आणि पुढच्या वर्षी ताटातून भाजी काढून मुलं खातात तेच वाढलं जातं. हात आखडता असलेली आई जे करते तेच सरकार करतं, फक्त तिच्याकडे पैसे नव्हते हे कारण तिला तरी होतं. ताटामागचा दर ठरवणाऱ्यांनी नव्या पदार्थाच्या पहिल्या वर्षाला नासाडीची वेगळी रक्कम धरावी, पाचव्या-सहाव्या खेपेआधी पदार्थ बंद करू नये, आणि दर ठरवण्याच्या बैठकीत जी बाई ते पातेलं ढवळते तिला खुर्ची द्यावी. किती उरलं आणि का उरलं, हे तिच्याइतकं नेमकं दुसरं कोणी सांगू शकणार नाही.